टीना हार्डर विचारायला जाते

आल्टेनहोफच्या वृद्धाश्रमात टीना हार्डर स्वयंपाक करायची. पूर्ण नाव युस्टिना, पण त्या नावानं तिला फक्त पाळक हाक मारत, आणि तीही काही बिनसलं असेल तरच. पन्नाशी उलटून गेलेली. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली. थोरला वॉल्टर तेवढा बायकोसह त्याच वाडीत, पलीकडच्या घरात राहायचा. नवरा डीट्रिख बीट पिकवायचा आणि बोलायचा कमी. गावात म्हणत, डीट्रिखशी अर्धा तास गप्पा मारा, आपलाच घसा बसतो.

टीनाला स्वतःबद्दल फार काही वाटत नसे. सूप दाट झालं की नाही, कुणाला मीठ वर्ज्य आहे, कुणाला पाव भिजवून द्यावा लागतो, यात दिवस जायचा. विद्यापीठात जायचं तिच्या मनातही नव्हतं. ते सगळं सुरू झालं एका फेब्रुवारीत, हिमवादळामुळे.

त्या दिवशी दुपारी रस्ते बंद झाले. बेर्नहार्ड थीसन हे आश्रमातले सगळ्यांत म्हातारे गृहस्थ आज जातात की उद्या, अशा अवस्थेत होते. पाळकांना निरोप गेला होता, पण त्यांची गाडी स्वतःच्या फाटकातच रुतून बसली. नर्स स्वयंपाकघरात आली. गावच्या रीतीनं तीही टीनाला टांटे, म्हणजे मावशी, म्हणायची.

“टांटे टीना, ते सारखं कुणाला तरी बोलवतायत. मला त्यांची बोली कळत नाही. तुम्ही बसता का जरा?”

टीना हात पुसत गेली. पणजोबांच्या पिढीत परदेशातून येऊन वसलेल्या आल्टेनहोफमध्ये तीन भाषा चालत. बँकेत आणि दवाखान्यात इंग्रजी, चर्चमध्ये जर्मन, आणि घरात आपली बोली. बोलीत गाईंना हाका मारायच्या, पोरांना रागवायचं, शेजाऱ्यांच्या चहाड्या करायच्या. देवाशी बोलायचं ते जर्मनमध्येच. बोलीत प्रार्थना केलेली टीनानं जन्मात ऐकली नव्हती.

बेर्नहार्डनी तिला ओळखलं. “टीना, एक विचारू?”

“विचारा की, काका.”

“लीना गेली, मग मी साराशी लग्न केलं. दोघी चांगल्या होत्या. आता वर गेल्यावर मी कुणाशेजारी बसायचं?”

टीनाला आधी वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण त्यांचा चेहरा काळजीनं पार उतरला होता.

“लीनाला राग लवकर यायचा,” ते म्हणाले.

“मला नाही माहीत, काका. विचारून सांगते.”

“लवकर विचार.”

मग त्यांनी तिला प्रार्थना म्हणायला सांगितलं. तिनं जर्मनमधली पाठ प्रार्थना सुरू केली, पण त्यांना ती धरता येईना. मान हलवून ते नको म्हणाले. तेव्हा टीनानं बोलीत सुरुवात केली. हा बेर्नहार्ड आहे, तुझ्याकडे यायला निघालाय, रस्त्यात बर्फ फार आहे, तर जरा पुढे येऊन त्याला घेऊन जा, असं काहीतरी. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. रस्ता उघडायच्या आतच तो गेला.

त्यानंतर आश्रमात ज्याला-त्याला टीना हवी झाली. कुणाला झोप येत नाही, टीनाला बोलवा. कुणाचं ऑपरेशन आहे, टीनाला बोलवा. चर्चच्या मंडळीतल्या काही कर्त्या पुरुषांच्या कानावर हे गेलं. स्वयंपाकीणबाई पाळकाचं काम करायला लागली, आणि तेही गाई वळायच्या भाषेत, अशी कुजबुज सुरू झाली. शेवटी पाळक इझाक पेनर स्वतः आश्रमाच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. गावात सगळे त्यांना मानानं ओम इझाक म्हणत. माणूस वाईट नव्हता. शेती सांभाळून पाळकाचं काम करायचा, आणि दोन्हीकडून दमलेला असायचा.

“युस्टिना,” ते म्हणाले.

पूर्ण नाव ऐकून टीनानं गॅस बारीक केला. “बसा, ओम इझाक. कॉफी घेणार?”

“कॉफी नंतर. तू म्हणे प्रार्थना सांगतेस लोकांना.”

“मागतात म्हणून.”

“आणि आपल्या बोलीत.”

“मरणाऱ्या माणसाला व्याकरण कुठून सुचायचं, ओम इझाक?”

पाळकांनी खुर्ची ओढली. टीना म्हणाली, “तुम्ही आलाच आहात तर एक विचारते,” आणि तिनं बेर्नहार्डकाकांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. स्वर्गात कुणी लग्न करत नाही, असं शास्त्रातलं एक वचन पाळकांनी म्हणून दाखवलं.

“ते मलाही पाठ आहे,” टीना म्हणाली. “पण त्यात कुणाशेजारी बसायचं ते नाहीये.”

आता मात्र पाळक चिडले. “असले प्रश्न पडत असतील तर शहरात आपल्या लोकांचं विद्यापीठ आहे ना! जा तिकडे, कर अर्ज. धर्मशास्त्र शिकवायला मोठमोठे पंडित बसलेत तिथे. तुझ्या कोबीच्या सूपाचंही नाव होईल.”

टीनानं थोडा विचार केला. “बायकांना घेतात तिथे?”

“अलीकडे काय, सगळ्यांनाच घेतात,” असं म्हणून ओम इझाक कॉफी न घेताच गेले.

बोललेलं ते टोमणा म्हणून. टीनानं मात्र तो सल्ला म्हणून घेतला. तसं जाणूनबुजून घेतलं की खरोखरच तसं वाटलं, हे तिला पुढे कितीदा तरी विचारलं गेलं. ती म्हणायची, “पाळक म्हणाले जा. मी गेले.”

विद्यापीठातून माहितीपत्रक आलं. आठवीनंतर शाळा सोडलेल्यांनाही मोठ्या वयाचे विद्यार्थी म्हणून घेत असत. मात्र स्वतःच्या पाळकाचं शिफारसपत्र हवं होतं, आणि आपण विश्वासात कसे आलो त्याची हकिकत आपल्याच शब्दांत लिहून द्यायची होती. त्यानंतर मुलाखत.

सून शार्लीन त्या दिवशी पीठ मागायला आली होती. ती तालुक्याच्या गावातल्या एका जोशिल्या मंडळीतली. तिथे प्रत्येकाला आपल्या तारणाची, म्हणजे मनापासून देवाकडे वळल्याच्या क्षणाची, तारीख सांगता येई.

“सोप्पं आहे, आई,” ती म्हणाली. “आधी कशा अंधारात होता ते लिहायचं, मग तो क्षण, मग आता कसं वाटतं ते.”

“मी अंधारात कधी होते?”

“म्हणजे... पापात.”

“पाप करायला वेळ कुठे होता गं मला? चार पोरं आणि डुकरं.”

“पण तो क्षण तर असेल ना? बाप्तिस्मा कधी घेतलात?”

“पेंटेकॉस्टच्या सणाला, रविवारी. दोन आठवड्यांनी लग्न होतं. बाप्तिस्म्याशिवाय लग्न लावत नाहीत.”

“एवढंच कारण?”

“अजून काय हवं? लग्नाचे कपडे शिवून झाले होते.”

शार्लीननं कपाळाला हात लावला. “हे लिहू नका हं, आई. थोडं वाढवून लिहा. सगळे लिहितात.”

टीनानं नेमकं तेच लिहिलं. लग्न ठरलं होतं म्हणून बाप्तिस्मा घेतला. प्रश्नोत्तरी तोंडपाठ केली, एकही उत्तर चुकलं नाही. तेव्हा विशेष काही वाटलं नाही. बरीच वर्षं आपण आपलं रविवारी चर्चला जात राहिलो. अलीकडे म्हाताऱ्या माणसांजवळ बसताना जे बोलते ते मनापासून असतं, एवढं खात्रीनं सांगता येईल. पानभर झालं, आणि तिला पुढे काही सुचेना.

शिफारसपत्रासाठी ती एका रविवारी दुपारी ओम इझाककडे गेली. पाळकांच्या बायकोनं एकावर एक गोळा बसवलेले पाव, चोकचेरीच्या रानफळांचा मुरंबा आणि चीज मांडलं होतं. खाणं होईपर्यंत हवामानावर बोलणं झालं. मग ओम इझाकनी बशी बाजूला सारली.

“मला वाटलं नव्हतं तू खरंच करशील.”

“तुम्हीच म्हणालात.”

“म्हणालो खरा.” ते दाढी खाजवत बसले. “मी लिहीन. पण खोटं लिहिणार नाही. बाई सचोटीची आहे, कष्टाळू आहे, असं लिहीन. हट्टी आहे, तेही लिहीन. आणि शिकून आली तरी आमची मंडळी तिला व्यासपीठावर उभी करणार नाही, हेही लिहीन. त्यांना कळायला हवं, आणि तुलाही.”

“लिहा.”

“व्यासपीठ मिळणार नाही, मग जातेस कशाला?”

“व्यासपीठ मागतंय कोण? मला विचारायचंय.”

पाळकांची बायको किटली घेऊन आली. ती म्हणाली, “अजून कॉफी घे, टीना,” आणि तिनं कप काठोकाठ भरला. टीनाला वाटलं, ती आपल्या बाजूनं आहे. पण नक्की काय ते कधी कळलं नाही.

मुलाखत मे महिन्यात होती. पेरणीचे दिवस, पण आदल्या रात्री पाऊस पडून जमीन चिखल झाली होती, म्हणून डीट्रिख गाडी घेऊन निघाला. एरवी तो आला नसता. विद्यापीठात एका खोलीत मुलाखत घ्यायला दोघं बसले होते. प्रवेशाचं काम पाहणारे रेम्पेल, टाय लावलेले, मऊ आवाजाचे. आणि लोर्ना एप नावाच्या प्राध्यापक बाई, केस बारीक कापलेले. डीट्रिखला बाहेर थांबा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून तोही आत येऊन, टोपी मांडीवर घेऊन भिंतीशी बसला.

रेम्पेलनी टीनाचा कागद पुढे ओढला. “मिसेस हार्डर, इथे तुम्ही लिहिलंय की बाप्तिस्मा लग्नासाठी घेतला. याबद्दल अजून काही सांगायचंय का? कदाचित घाईत लिहिलं असेल.”

“नाही, सावकाश लिहिलंय.”

“म्हणजे तेव्हा विश्वास असा नव्हता?”

“मला पाठ केलेलं येत होतं. ते खोटं नव्हतं. पण ते माझंही नव्हतं.”

“मग विश्वास आला कधी?”

“ते मला सांगता येत नाही. आला तेव्हा मी कामात असेन.”

लोर्ना एप हसल्या. रेम्पेल हसले नाहीत. त्यांनी शिफारसपत्रावर बोट ठेवलं. “तुमचे पाळक लिहितात की तुमची मंडळी तुम्हाला पाळक म्हणून घेणार नाही. मग हे शिक्षण कशासाठी?”

टीनानं बेर्नहार्डकाकांची गोष्ट सांगितली. सांगताना तिला जाणवलं, की एवढ्या मोठ्या खोलीत ती गोष्ट फारच बारकी वाटतेय. पण लोर्ना एपनी खुर्ची पुढे घेतली.

“तुम्हाला काय वाटतं, उत्तर काय?”

“मला येत असतं तर मी इतक्या लांब आले नसते, बाई.”

 मग रेम्पेलनी सौजन्य म्हणून भिंतीकडे वळून विचारलं, “आणि मिस्टर हार्डर, तुमचं काय म्हणणं?”

डीट्रिखनं टोपी फिरवली. “आमची गाडी हिवाळ्यातही सुरू होते,” तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर तो बोलला नाही, याचं टीनाला नवल वाटलं नाही. वाटेत मॉरिस गावात त्यांनी गाडी थांबवली, एका हॉटेलात ॲपल पाय मागवला. अर्धा खाऊन डीट्रिखनं काटा खाली ठेवला.

“तुला काहीच वाटलं नव्हतं?”

“कधी?”

“पेंटेकॉस्टला. आपला बाप्तिस्मा झाला तेव्हा.”

“पाणी गार होतं. मानेवरून आत गेलं. नवे कपडे भिजले म्हणून आई रागावेल असं वाटलं. का?”

डीट्रिख म्हणाला, “तू बायकांच्या ओळीत शेवटची होतीस, मी पुरुषांच्या ओळीत पहिला. मधे कुणी नव्हतं. मला वाटलं, दोघांनाही झालं.”

“काय झालं?”

त्यानं सांगितलं, ते टीनानं त्याच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यांत लांब बोलणं होतं. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर तो गाईंना पाणी दाखवायला म्हणून निघाला. शेताच्या कडेला पाय पुढे जाईनात. तिथे जुनी गाडी पडली होती, तिच्या दांडीवर तो बसला. कुणीतरी अगदी शेजारी उभं आहे असं वाटलं. त्यानं वळून पाहिलं नाही; पाहायची गरज वाटली नाही. उठला तेव्हा अंधार पडला होता आणि गाई ओरडत होत्या. तेव्हापासून त्याला कसली भीती वाटली नाही. गारपिटीनं सगळं पीक गेलं तेव्हाही नाही.

“आणि इतकी वर्षं तू मला सांगितलं नाहीस?” टीना म्हणाली.

“असलं कोण सांगतं? आणि मला वाटलं, तुला माहीतच आहे. म्हणून तर...” त्यानं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, “आज त्या टायवाल्यासमोर कळलं.”

त्याला लागलं होतं. घरी आल्यावर तो शेतावर गेला आणि पुढचे बरेच दिवस गरजेपुरतंही बोलला नाही. टीनाला आधी राग आला. मग तिला जे वाटलं त्याला हेवा म्हणणंच खरं. हा माणूस जेवताना फक्त बीटच्या भावाबद्दल बोलतो, चर्चमध्ये प्रवचनाला डुलक्या घेतो, याच्या डोक्यात दुसरं काही नाही, असं ती धरून चालली होती. आणि शार्लीन ज्याच्या शोधात होती तो क्षण याच्याकडे होता, तोही तारखेसकट, आणि यानं तो शेताच्या कडेला ठेवून दिला होता. आपण अर्ज मागे घ्यावा असं तिच्या मनात आलं.

एका संध्याकाळी बटाटे सोलताना ती म्हणाली, “खरं तर तूच जायला हवं तिथे. मी नाही.”

डीट्रिख त्या दिवसांत पहिल्यांदाच हसला. “मी? मला कुठे काय विचारायचंय?”

“माझ्यावर रागावलायस अजून?”

त्यानं विचार केला. “थोडा,” तो म्हणाला. “जाईल.” आणि बटाट्यांची साल उचलून डुकरांना घालायला गेला.

जूनच्या शेवटी उत्तर आलं. एक वर्ष पाहू, जमलं तर पुढे, अशा अटीवर प्रवेश. रेम्पेलांचं मत नव्हतं आणि टीनाला घ्यायचंच म्हणून लोर्ना एप अडून बसल्या, हे टीनाला फार उशिरा कळलं. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुकानात बायका तिला विचारत, “टीना, आता आम्ही तुला काय म्हणायचं, ओम टीना?” ती म्हणायची, “सूप कसं झालंय ते म्हणा.”

मंडळीच्या सभेत मात्र हा विषय हसण्यावारी गेला नाही. त्या सभेला फक्त पुरुष बसत. एकानं म्हटलं, बाईनं घर सोडून शहरात राहायचं म्हणजे काय? दुसऱ्यानं म्हटलं, तिला आश्रमात तरी बसू द्यावं का? ओम इझाक खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून डीट्रिख उठला. सभेत तो तोवर कधी उभा राहिला नव्हता, त्यामुळे सगळे गप्प झाले. तो काहीतरी बोलला, पण इतक्या हळू की पुढच्या बाकांपर्यंत पोचलंच नाही. लिहून घेणारा म्हणाला, “परत सांग, डीट्रिख.” डीट्रिख म्हणाला, “सांगितलं एकदा,” आणि खाली बसला. काय बोलला ते शेजारी बसलेल्यांनीही कधी सांगितलं नाही. विषय मात्र तिथेच थांबला.

सप्टेंबरपासून टीना सोमवारी शहरात जायची आणि शुक्रवारी परत यायची. तिथे ती एका विधवा बाईच्या घरी खोली घेऊन राहिली. वर्गात सगळी नातवंडं शोभावीत अशी मुलं. ग्रीकमध्ये ती पहिल्या खेपेला साफ आपटली, दुसऱ्या खेपेला कशीबशी सुटली. निबंध लिहायला तिला चौपट वेळ लागायचा. डीट्रिख अंडी उकडायला शिकला आणि त्यापुढे काही शिकला नाही. शार्लीन पुटपुटत त्याला डबा देत राहिली.

बेर्नहार्डकाकांच्या प्रश्नाला तिला तिथे तीन-चार उत्तरं मिळाली. एकही तिला आश्रमातल्या खाटेशेजारी बसून सांगता आलं नसतं. पण त्या प्रश्नापाठी अजून कितीतरी प्रश्न होते, असं तिच्या लक्षात आलं, आणि मग ती एका वर्षावर थांबली नाही. आठ वर्षं लागली. पाळकांनी लिहिल्याप्रमाणे गावानं तिला व्यासपीठ दिलं नाही, तिनंही मागितलं नाही. शहरातल्या एका इस्पितळानं तिला रुग्णांजवळ बसण्यासाठी नेमलं. तिथे काहींना प्रार्थना हवी असायची, काहींना नुसता पडदा सरकवून हवा असायचा, आणि एका युक्रेनी बाईला फक्त भांडायचं असायचं. टीना भांडायची.

त्या आठ वर्षांतली सगळ्यांत चांगली वेळ कुठली, असं विचारलं तर ती शुक्रवारची गाडी सांगते. बस थांब्यापर्यंतच यायची. तिथून घरापर्यंत डीट्रिख न्यायला यायचा. दोन्हीकडे सपाट शेतं, आणि टीना त्याला त्या आठवड्यात काय शिकवलं ते सांगत असायची. देव माणसाशी बोलतो म्हणजे काय, यावर कोण्या पंडितानं काय म्हटलंय, दुसऱ्यानं ते कसं खोडलंय. डीट्रिख रस्त्यावर नजर ठेवून ऐकायचा. बहुतेक वेळा काही म्हणायचा नाही. कधी मात्र मान हलवून म्हणायचा, “नाही. तसं नसतं ते.”

“मग कसं असतं?”

“तसं नसतं, एवढं नक्की.”

टीना पुढे वाद घालायची नाही. सोमवारी ती लोर्ना एपच्या खोलीत जायची आणि म्हणायची, “बाई, यावर एक आक्षेप आहे.” बाई चष्मा काढून विचारायच्या, “कुणाचा?” टीना नुसतं “डीट्रिखचा” म्हणायची. कुणा पंडिताचं समजून बाईंनी एकदा ते नाव ग्रंथालयाच्या कपाटात शोधलंही होतं.